थकलेला कर, बक्षीसपत्र आणि मेहुण्याचे खाते

प्रश्न : मी ४६ वर्षांचा स्थापत्य अभियंता असून सांगलीत इमारतींचे आराखडे व बांधकाम सल्ला अशी कामे स्वतंत्रपणे करतो. २०१९-२० या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र मी भरले, परंतु टाळेबंदीत कामे थांबली होती आणि वडील रुग्णालयात होते, त्यामुळे त्यात दाखवलेला कर भरता आला नाही. जून २०२१ मध्ये ४ लाख १० हजार रुपयांची मागणी नोटीस आली. पुढे कामे पूर्ववत झाली, हाती पैसाही आला, पण मी ती रक्कम भरली नाही आणि २०२०-२१ पासून एकही विवरणपत्र भरले नाही. वसुलीचे स्मरणपत्र आले तेव्हा राहता फ्लॅट पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करून दिला आणि खासगी घरमालकांकडून येणारी फी मेहुण्याच्या खात्यात घेऊ लागलो. बिल्डरांकडून येणारी फी मात्र टीडीएस कापून माझ्याच खात्यात येते. एक मित्र म्हणतो की आयकराची थकबाकी ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी कोणी तुरुंगात जात नाही आणि काही वर्षांनी सगळे आपोआप बाद होते. हे खरे आहे का? अभय योजनेची वाट पाहावी का? पत्नीला यातले काही माहीत नाही. – एक वाचक

उत्तर : तुम्ही पत्रात स्वतःची बाजू सावरून मांडलेली नाही, याचा मला उत्तर लिहिताना फार उपयोग झाला. अशा पत्रांत सहसा टाळेबंदी आणि वडिलांचे आजारपण सविस्तर असते आणि बक्षीसपत्र एका ओळीत उरकलेले असते. प्रत्यक्षात तुमच्या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग ते बक्षीसपत्र आणि मेहुण्याचे खाते हाच आहे, थकलेले ४ लाख १० हजार रुपये नव्हेत.

हे उत्तर मी नोव्हेंबर २०२५ मध्ये लिहीत आहे. येत्या १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होणार आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, परंतु तुमची सगळी वर्षे त्याआधीची असल्यामुळे खाली उल्लेखलेली सर्व कलमे आयकर अधिनियम, १९६१ मधलीच आहेत.

तुमच्या मित्राच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे. कर भरणे राहून गेले, एवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. मागणी नोटिशीतली तीस दिवसांची मुदत टळली की कलम २२०(२) खाली दरमहा एक टक्का सरळ व्याज सुरू होते, ते तुमच्या रकमेवर दरमहा ४,१०० रुपये आहे आणि आजपर्यंत दोन लाखांहून थोडे अधिक झालेले असेल. शिवाय कलम २२१ खाली थकबाकीइतक्या रकमेपर्यंत दंड लावता येतो, मात्र त्याआधी अधिकाऱ्याला तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि न भरण्यामागे पुरेसे व योग्य कारण होते हे तुम्ही दाखवलेत, तर हा दंड लागत नाही. २०२१ मध्ये तुमच्यापाशी असे कारण होते. बँकेचे उतारे आणि रुग्णालयाची बिले जोडून त्याच वेळी अर्ज केला असता, तर मुदतवाढ किंवा हप्ते मिळण्याची चांगली शक्यता होती. येथपर्यंतचा सगळा मामला पैशांचा होता.

फौजदारी बाजू सुरू होते ती कलम २७६क(२) पासून. ज्याने कर, दंड किंवा व्याज देणे टाळण्याचा हेतुपुरस्सर प्रयत्न केला, त्याला या पोटकलमाखाली तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते आणि न्यायालय त्याशिवाय दंडही करू शकते. यात रकमेची किमान मर्यादा नाही, म्हणजे रक्कम लहान आहे म्हणून कोणी सुटत नाही. सारा भार ‘प्रयत्न’ आणि ‘हेतुपुरस्सर’ या दोन शब्दांवर आहे. केवळ कर वेळेवर भरला नाही याला टाळण्याचा प्रयत्न म्हणता येणार नाही, त्यासाठी काहीतरी केलेले दिसावे लागते, असे कर्नाटक उच्च न्यायालयासारख्या न्यायालयांनी म्हटलेले आहे. खोट्या नोंदी करणे, नोंदी गाळणे, किंवा कर टाळणे शक्य होईल अशी परिस्थिती निर्माण करणे, अशी उदाहरणे कलमाच्या स्पष्टीकरणातही आहेत. नुसते गप्प बसला असतात, तर माझ्यासारख्या वकिलाला तुमच्या बाजूने बोलायला भरपूर वाव होता. पण हाती पैसा असताना, वसुलीचे स्मरणपत्र आल्यानंतर, तुम्ही मिळकत आणि आवक दोन्ही आपल्या नावावरून हलवली. त्या दोन कृतींच्या तारखा आणि स्मरणपत्राची तारीख शेजारी शेजारी ठेवली, की सरकारी वकिलाला फारसे काही बोलावेच लागत नाही.

त्यात कलम २७८इ आहे, ज्याची माहिती फार थोड्या करदात्यांना असते. सर्वसाधारण फौजदारी खटल्यात आरोपीचा हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर असते. आयकर कायद्याखालच्या खटल्यात हे उलटे आहे. न्यायालय दोषी मनःस्थिती गृहीत धरते आणि असा हेतू नव्हता हे आरोपीला सिद्ध करावे लागते, तेही वाजवी शंकेला जागा उरणार नाही इतक्या काटेकोरपणे. स्मरणपत्रानंतर केलेल्या बक्षीसपत्राचे निष्पाप कारण या कसोटीवर कसे टिकवायचे, याचा विचार मी तुमचे पत्र वाचताना केला आणि मला ते जमले नाही. दोष सिद्ध झाला, तर प्रौढ आरोपीला परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सोडण्याची सवलतही कलम २९२अ ने काढून घेतलेली आहे.

आता खुद्द बक्षीसपत्राकडे वळतो. महाराष्ट्रात राहते घर पत्नीला बक्षीस द्यायचे असेल, तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते. या सवलतीमुळे अनेकांना हा मार्ग स्वस्त आणि सुरक्षित वाटतो, पण करवसुलीपुरता त्याचा शून्य उपयोग आहे. कलम २२२ चे स्पष्टीकरण असे सांगते की, १ जून १९७३ रोजी किंवा त्यानंतर थकबाकीदाराने पुरेसा मोबदला न घेता पत्नीला किंवा पतीला, अज्ञान मुलाला, सुनेला किंवा मुलाच्या अज्ञान अपत्याला दिलेली मिळकत वसुलीसाठी थकबाकीदाराचीच समजली जाईल. म्हणजे करवसुली अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो फ्लॅट आजही तुमचाच आहे आणि तो जप्त करून विकता येतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवलेला दस्त असल्यामुळे तो शोधायलाही कोणाला कष्ट पडणार नाहीत. उलट, वसुलीच्या जप्तीतून मिळकत वाचवण्याच्या उद्देशाने कपटाने ती दुसऱ्याकडे सोपवणे हा कलम २७६ खाली स्वतंत्र गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड आहे. थोडक्यात, त्या दस्ताने घर वाचले तर नाहीच, तुमच्याविरुद्ध एक पुरावा मात्र नोंदणीकृत होऊन बसला.

मेहुण्याच्या खात्याची गोष्ट याहूनही अवघड आहे. त्या खात्यात जमा झालेली फी तुमचे उत्पन्न आहे आणि ती तुमच्याच विवरणपत्रात दाखवावी लागेल. खाते कोणाचे आहे, याने त्यात फरक पडत नाही. विभागाने ती स्वतःहून शोधून काढली, तर कलम २७०अ खाली दंडाचा प्रश्न येईल. उत्पन्न कमी दाखवले गेले एवढेच असेल, तर दंड त्यावरच्या कराच्या ५० टक्के असतो. उत्पन्न चुकीच्या पद्धतीने दडवले, म्हणजे तथ्ये लपवली किंवा मिळालेली रक्कम हिशेबातच घेतली नाही असे दिसले, तर तो २०० टक्के होतो. दुसऱ्याच्या खात्यात घेतलेल्या फीला अधिकारी पहिल्या प्रकारात बसवील, अशी आशा धरू नका. आपले पैसे दुसऱ्याच्या नावावर ठेवण्याच्या व्यवहारांवर बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्याचीही नजर असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्यात एक ते सात वर्षांची शिक्षा आहे आणि ती नाव वापरू देणाऱ्यालाही होऊ शकते. तुमच्या मेहुण्याने हे बहुधा नात्याखातर केले असेल, परंतु त्याने काय पत्करले आहे याची त्याला कल्पना आहे का, हे तुम्ही त्याला विचारायला हवे.

विवरणपत्र न भरण्याचा गुन्हा कलम २७६कक मध्ये वेगळा सांगितलेला आहे. बुडणारा कर २५ लाखांपेक्षा अधिक असेल, तर सहा महिने ते सात वर्षे आणि त्याहून कमी असेल, तर तीन महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी, शिवाय दंड. तुम्ही दुसऱ्या गटात आहात. बिल्डर तुमचा टीडीएस कापतात, याचा अर्थ तुमच्या पॅनवर दरवर्षी व्यावसायिक फी जमा होत असल्याची नोंद वार्षिक माहिती विवरणात आहे आणि तेवढ्याच वर्षांची विवरणपत्रे नाहीत. हे संगणकालाही कळते. ‘काही वर्षांनी बाद होते’ या समजुतीला उत्तर म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ मधला एक निकाल सांगतो. तामिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता आणि त्यांच्या सहकारी शशिकला भागीदार असलेल्या शशी एंटरप्रायझेस या संस्थेने विवरणपत्रे न भरल्याबद्दलचा तो खटला होता. वर्षे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची होती. ठरलेल्या तारखेला विवरणपत्र भरले नाही की गुन्हा घडतो, कर निर्धारण अजून व्हायचे आहे हा बचाव चालत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस वर्षांनंतरही खटला पुढे चालवण्याचा आदेश दिला. फौजदारी कायद्यातली सर्वसाधारण कालमर्यादा आयकराच्या गुन्ह्यांना लागू नाही, याची तरतूद संसदेने १९७४ मध्येच करून ठेवलेली आहे.

असे असले तरी उद्या पोलीस दारात येतील, या भीतीने झोप घालवू नका. कलम २७९अ नुसार हे गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस परस्पर अटक करत नाहीत. खटल्यासाठी आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने असेही सांगितले आहे की, २५ लाखांपर्यंतच्या करचोरीत किंवा विवरणपत्र न भरण्याच्या प्रकरणात मुख्य आयुक्त वा महासंचालक दर्जाच्या दोन अधिकाऱ्यांच्या मंडळाची पूर्वसंमती असल्याशिवाय सर्वसाधारणपणे खटला भरू नये. मात्र ही पूर्ण बंदी नाही, संमती मिळाली की खटला भरता येतो आणि सलग चार-पाच वर्षे विवरणपत्र न भरणारा माणूस अशी संमती मिळणारच नाही असे छातीठोकपणे म्हणू शकत नाही. याखेरीज एक दिवाणी कैदही आहे, जी तुमच्या मित्राला ठाऊक नसावी. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार, ज्याच्यापाशी पैसे आहेत आणि तरी जो देत नाही, किंवा ज्याने वसुलीत अडथळा आणण्यासाठी अप्रामाणिकपणे मिळकत हलवली आहे, अशा थकबाकीदाराला कारणे दाखवा नोटीस देऊन करवसुली अधिकारी सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवू शकतो. हा अधिकार क्वचितच वापरला जातो, परंतु त्या नियमातले वर्णन तुमच्या पत्रातल्या वर्णनाशी किती जुळते, ते पाहा.

अभय योजनेची वाट पाहण्यात अर्थ नाही. २०२० आणि २०२४ च्या ‘विवाद से विश्वास’ योजना अपिलात अडकलेल्या, म्हणजे वादातल्या करासाठी होत्या. तुमच्या कराबद्दल वादच नाही, तो आकडा तुम्हीच विवरणपत्रात लिहिला होता. महाराष्ट्र शासनाच्या ज्या अभय योजनांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील, त्या विक्रीकर आणि मूल्यवर्धित कराच्या थकबाकीच्या होत्या, आयकराशी त्यांचा संबंध नाही. तुमच्यासाठी जी वाट खुली आहे ती कायद्यातच आहे, फक्त ती महाग आहे आणि दर ३१ मार्चला आणखी महाग होते.

२०२४-२५ या वर्षाचे विलंबित विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येते. त्याला ५,००० रुपये विलंब शुल्क आणि व्याज लागेल, हे या महिन्यातच उरकून टाका. त्याआधीच्या चार वर्षांसाठी कलम १३९(८अ) खालचे अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे सीए मंडळी ज्याला आयटीआर-यू म्हणतात ते, भरता येईल. यंदाच्या वित्त अधिनियमाने त्याची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षांवर नेली, हे तुमचे नशीब. त्यात कर आणि व्याज यांच्या बेरजेवर अतिरिक्त कर द्यावा लागतो. समजा, एका वर्षाचा कर व व्याज मिळून तीन लाख रुपये निघाले, तर ३१ मार्च २०२६ पर्यंत भरल्यास २०२३-२४ साठी २५ टक्के, म्हणजे ७५ हजार रुपये जास्तीचे द्यावे लागतील. २०२२-२३ साठी ५० टक्क्यांनी दीड लाख, २०२१-२२ साठी ६० टक्क्यांनी १ लाख ८० हजार आणि २०२०-२१ साठी ७० टक्क्यांनी २ लाख १० हजार. १ एप्रिल उजाडला की पहिली तीन वर्षे एकेक पायरी वर चढतील आणि २०२०-२१ चे दार कायमचे बंद होईल. हे विवरणपत्र भरताना सगळी रक्कम आधी भरावी लागते, हप्ते नाहीत. ज्या वर्षाच्या पुनर्निर्धारणाची, म्हणजे सुटलेल्या उत्पन्नासाठी ते वर्ष विभागाने पुन्हा उघडण्याची, कार्यवाही सुरू झाली, त्या वर्षासाठी ते भरताही येत नाही. म्हणून नोटीस येण्याआधी हलणे महत्त्वाचे आहे.

एवढे पैसे कशासाठी भरायचे, असे तुम्ही विचाराल. कारण कलम २७६कक च्या परंतुकात २०२२ मध्ये घातलेल्या शब्दांनुसार, मुदतीत अद्ययावत विवरणपत्र भरणाऱ्यावर विवरणपत्र न भरल्याबद्दल खटला भरता येत नाही. एका गुन्ह्यातून बाहेर पडण्याची ही कायद्यानेच दिलेली हमी आहे. इतर कलमांपासून ती लेखी संरक्षण देत नाही हे खरे, परंतु स्वतःहून हिशेब मांडून कर भरलेल्या माणसाबद्दल आयुक्तांची मंजुरी मागताना खालचा अधिकारीही दोनदा विचार करतो. २०२०-२१ पुरते तुमचे सीए कदाचित वेगळे मत देतील. त्या वर्षाचे सुटलेले उत्पन्न ५० लाखांपेक्षा कमी असेल, तर पुनर्निर्धारणाची तीन वर्षे तीन महिन्यांची मुदत जून २०२५ अखेर संपलेली आहे, मग ७० टक्के का द्यावेत, असे ते म्हणू शकतात आणि त्यांचे गणित चुकीचे नाही. तरीही खटल्याला कालमर्यादा नाही आणि तुमच्या इतर वर्तनाची पार्श्वभूमी पाहता मी तेही वर्ष स्वच्छ करीन. पैसे अपुरे पडले, तर मात्र आधी अलीकडची वर्षे घ्या.

जुन्या मागणीसाठी कर निर्धारण अधिकाऱ्याला लेखी प्रस्ताव द्या आणि प्रस्तावासोबत पहिला मोठा हप्ता भरल्याचे चलन जोडा. हप्त्यांची मुभा मागण्याचा अर्ज वास्तविक मागणीच्या मुदतीतच करायचा असतो, त्यामुळे आता तुमचा हक्क राहिलेला नाही, विनंती आहे, आणि विनंतीला चलनाने वजन येते. व्याजात सूट मिळण्यासाठी कलम २२०(२अ) खाली अर्ज करता येतो, पण त्यात खरी आर्थिक अडचण, आटोक्याबाहेरची परिस्थिती आणि चौकशीत किंवा वसुलीत दिलेले सहकार्य या तिन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. २०२१ च्या काही महिन्यांपुरता विचार होऊ शकेल, पुढच्या वर्षांचे व्याज तुम्ही भरायचेच आहे असे धरून चाला.

मेहुण्याच्या खात्यात फी घेणे आजपासून थांबवा, आतापर्यंत आलेल्या प्रत्येक रकमेची तारीख, घरमालक आणि काम यांची यादी करा आणि ती त्या त्या वर्षाच्या विवरणपत्रात घ्या. ही यादी करताना एखादी रक्कम ‘विसरण्याचा’ मोह झाला, तर लक्षात ठेवा की खोट्या पडताळणीचा गुन्हा कलम २७७ मध्ये आणखी वेगळा आहे. गोष्टी खटल्यापर्यंत गेल्याच, तर कलम २७९(२) खाली तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवण्याची सोय आहे आणि १७ ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती बरीच सुटसुटीत केली आहे. पण तडजोड हा तुमचा हक्क नाही आणि त्याआधी कर व व्याज भरावेच लागते, तेव्हा तिच्या भरवशावर राहून काही वाचत नाही.

राहिला पत्नीचा प्रश्न. बक्षीसपत्र स्वीकारल्याची सही त्यांची आहे, म्हणजे दुय्यम निबंधकासमोर त्या हजर होत्या आणि आपण कशावर सही करतो आहोत याचे अर्धेच कारण त्यांना ठाऊक होते. थकबाकीबद्दल त्यांची व्यक्तिगत जबाबदारी नाही, पण जप्तीची नोटीस निघाली तर ती त्या घराच्या दारावर लागेल, ज्याच्या सात-बारावर नसली तरी सोसायटीच्या भागदाखल्यावर आता त्यांची नावनोंद आहे. तो फ्लॅट तुमच्या नावे परत घ्यायचा की त्यांच्याच संमतीने त्यावर कर्ज काढून कर भरायचा, हे दोन्ही मार्ग त्यांच्या सहीशिवाय बंद आहेत. बँक कर्जासाठी तीन वर्षांची विवरणपत्रे मागेल, हे वेगळे सांगायला नको, म्हणून २०२४-२५ चे विवरणपत्र आधी आणि कर्जाचा अर्ज नंतर. पत्नीशी बोलताना जून २०२१ ची नोटीस, वसुलीचे स्मरणपत्र आणि बक्षीसपत्राची प्रत असे तिन्ही कागद समोर ठेवून बोला, आणि सीएकडे जाताना त्यांना सोबत घेऊन जा.